लक्का पाळायचा तर सगळा हिशोब शेपटीचा

पारव्याच्या शेपटीत 12 पिसे असतात. लक्का ही त्याच पारव्याच्या वंशातली पाळीव कबुतराची जात, पण त्याच्या शेपटीत 28, 32, कधी 40 पिसे भरतात आणि ती थाळीसारखी उभी पसरतात. छाती पुढे, मान मागे आणि चवड्यांवर डोलणे हा त्याचा थाट. हा थाट फुकट मिळालेला नाही. पिसे वाढत गेली तसे उडणे अवघड झाले, जोड लागणे अवघड झाले, भिंतीला टेकून बसणेही अवघड झाले. साध्या कबुतरांच्या ढाबळीत लक्का सोडून दिला, तर दोन महिन्यांत त्याच्या शेपटीचा खराटा होतो. म्हणून दाणा-पाण्याआधी ही शेपटी समजून घेतलेली बरी.

ही शेपटी आली कुठून

'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने लक्क्याचे नाव घेऊन त्याच्या घुमण्याचे आणि डोके उंच धरण्याच्या ऐटीचे कौतुक केले आहे. अकबराच्या दरबारी 20,000 वर कबुतरे होती आणि कबुतरबाजीला बादशहा 'इश्कबाजी' म्हणत असे. म्हणजे 1600 पूर्वीच हा पक्षी आणि त्याचे हे नाव भारतात रुळलेले होते.

युरोपात 1678 साली इंग्रजीत छापलेल्या विलबीच्या पक्षिग्रंथात 'रुंद शेपटीची थरथरी कबुतरे' भेटतात. त्यांच्या शेपटीत 26 पिसे सांगितली आहेत. 1735 साली कबुतरांवर लिहिणाऱ्या जॉन मूरने 36 पिसांचा पक्षी नोंदवला. 1824 साली ब्वातार आणि कोर्बिए या फ्रेंच लेखकांनी 42 पिसांचे पक्षी फ्रान्समध्ये सहज मिळतात असे लिहिले. फ्रेंच आणि जर्मन लोक या जातीला सरळ 'मोर-कबूतर' म्हणतात. हे आकडे डार्विनने एका जागी मांडले. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड केली की एखादा अवयव कुठवर जातो, ते त्याला दाखवायचे होते. लक्क्याची तेलग्रंथी जवळपास नाहीशी झाल्याचेही त्याने नोंदवले आहे. पाळणाऱ्याला ही नोंद रोज उपयोगी पडते; अंघोळीच्या वेळी ती पुन्हा येईल.

डार्विनने पांढरे लक्के आणि बार्ब या दुसऱ्या जातीची काळी कबुतरे यांचा संकर केला. त्या संकरातला पक्षी पुढे बार्ब आणि 'स्पॉट' ही आणखी एक जात यांच्या संकराशी लावला, तेव्हा निळसर अंगाचे, पंखांवर दोन काळ्या पट्ट्यांचे, थेट पारव्यासारखे पिल्लू निघाले. शेकडो वर्षांची निवड दोन-तीन पिढ्यांत अशी विस्कटते. ढाबळीत लक्क्यासोबत दुसरी जात मोकळी सोडू नये, याला याहून मोठे कारण लागत नाही.

आज पाहण्यात येतात ते मुख्यतः दोन घाट. भारतीय लक्का अंगाने मोठा. त्याच्या डोक्यामागे बहुधा चोटी असते, पायांवर पिसांचे मोजे असतात आणि मान फार मागे जात नाही. इंग्लिश घाटाचा पक्षी लहान आणि गोल, डोके गुळगुळीत, पाय उघडे. त्याची मान इतकी मागे जाते की डोके शेपटीच्या बुडाशी टेकते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले शौकीन लहान, थरथरत्या, डौलदार पक्ष्यावर भर देत, तर इंग्लंडमधले मोठ्या सपाट शेपटीवर. आजचा घाट त्या दोघांच्या मिश्रणातून आला. पहिल्यांदाच लक्का पाळणाऱ्याने भारतीय घाट घ्यावा. त्याचा तोल चांगला असतो, त्यामुळे तो दाणा नीट टिपतो आणि पिले वाढवतो.

पक्षी निवडताना

पिसे मोजून भाव करण्याची सवय सोडा. पिसे जास्त म्हणजे शेपटी चांगली असे होत नाही. लक्क्याची पिसे बहुधा वेड्यावाकड्या दुहेरी ओळीत उगवतात. ती 36-38 च्या पुढे गेली की जागा अपुरी पडते, पिसे एकमेकांवर चढतात, काही पीळ खातात आणि थाळीला सुरकुत्या येतात. रुंद, सरळ दांड्याची 28 ते 32 पिसे असलेली सपाट थाळी 40 अरुंद पिसांच्या थाळीपेक्षा केव्हाही भरदार दिसते.

तरीही मोजायचे असेल तर पक्षी अंधार पडल्यावर, शांत असताना हातात घ्या. मधोमध दोन बोटांनी थाळी दुभागा आणि डावी-उजवी बाजू मुळापाशी वेगवेगळी मोजा. टोकाशी मोजाल तर चुकाल. एका बाजूला 16 आणि दुसऱ्या बाजूला 13 निघाली, तर ती शेपटी तिरकी बसणारच. मग पक्षी जमिनीवर ठेवून चार पावले मागे सरका. थाळी वरच्या बाजूला फाटलेली दिसते का, एका कुशीवर कलते का, चालताना पक्षी मागे कोलमडतो का, हे पाहा. मागे पडणारा पक्षी कितीही ऐटबाज असो, वंशासाठी घेऊ नका.

पिलावरून शेपटीचा निर्णय करू नये. पहिली पिसगळ साधारण दोन महिन्यांच्या वयात सुरू होते आणि सहा-सात महिने चालते. खरी थाळी त्यानंतर दिसते.

ढाबळ

लक्क्याला उंची नको, रुंदी हवी. वारा शेपटीत भरला की त्याला दिशा धरता येत नाही, आणि पांढरा, संथ पक्षी मांजर आणि ससाणा यांच्यासाठी ताटात वाढल्यासारखा असतो. मोकळे उडवण्याचा विचारच करू नका. जाळीबंद अंगण आणि त्याला जोडलेली कोरडी, हवेशीर ढाबळ पुरते. जाळीचे भोक 12 ते 13 मिलिमीटरपेक्षा मोठे नको. उंदीर, चिमण्या आणि त्यांच्यासोबत येणारे रोग तेवढ्याने बरेचसे बाहेर राहतात.

एका जोडीसाठी स्वतंत्र खण 90 सेंटिमीटर रुंद, 75 ते 90 सेंटिमीटर खोल आणि किमान 60 सेंटिमीटर उंच असावा. साध्या कबुतराला याच्या निम्म्यात भागते. लक्क्याला खणात पूर्ण गिरकी घेता आली पाहिजे आणि त्या गिरकीत शेपटी कुठेही घासता कामा नये. मोजपट्टीपेक्षा हीच कसोटी खरी: पक्षी आत ठेवा आणि तो वळतो कसा ते पाहा.

बसायला गोल दांडी देऊ नका. 15 सेंटिमीटर लांबी-रुंदीची सपाट फळी भिंतीपासून 25 ते 30 सेंटिमीटर पुढे, कंसावर बसवा. भिंतीला चिकटून फळी ठोकली की थाळीची टोके रोज घासतात आणि झिजतात. शेपटी खराब होण्याचे हे पहिले कारण. एका फळीखाली दुसरी येऊ नये, नाहीतर वरच्याची विष्ठा खालच्याच्या थाळीत पडते. फळ्या जमिनीपासून 60 ते 90 सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि चढायला तिरकी फळी द्या.

जमीन कोरडी हवी, बाकी काहीही चालेल. लाकडाचा भुसा, जाड वाळू, नुसते फळकुट, सगळे चालते. पण ओल राहिली की भारतीय लक्क्याच्या पायमोज्यांना विष्ठेचे गोळे चिकटतात आणि आतली कातडी सडते. आठवड्यातून दोनदा खरडून साफ करा. साफ करताना नाकातोंडावर मास्क बांधा. कबुतराच्या पिसांची पूड आणि वाळलेली विष्ठा वर्षानुवर्षे छातीत गेली की फुफ्फुसाचा कायमचा आजार जडू शकतो, आणि पांढऱ्या लक्क्यांच्या ढाबळीत पूड भरपूर उडते.

दाणा, पाणी, अंघोळ

एका पक्ष्याला दिवसाला 30 ते 40 ग्रॅम दाणा लागतो. मका 3 भाग, गहू 2, ज्वारी 2, वाटाणा 2 आणि बाकीच्या एका भागात करडई किंवा सूर्यफुलाचे थोडे बी. जोड लावल्यावर वाटाणा 3 भाग करा आणि मका 2 वर आणा. दाणा दोन वेळा द्या आणि वीस मिनिटांनी उरलेला उचला. भांडे भरून ठेवले तर पक्षी मका तेवढा वेचून खातो आणि अंगावर चरबी चढते. जाड मादी अंडी घालताना अडते.

ग्रिट वेगळ्या वाटीत कायम असावे: शिंपल्यांचा चुरा, बारीक खडे, थोडा कोळसा, चिमूटभर मीठ. कबुतराला दात नाहीत. दाणा दळायला पोटात खडे लागतात आणि अंड्याच्या कवचाला चुना.

मान मागे असलेल्या पक्ष्याला जमिनीवरचे भांडे अवघड जाते. दाण्याचे आणि पाण्याचे भांडे छातीच्या उंचीवर, 8 ते 10 सेंटिमीटर वर ठेवा. कबूतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, म्हणून पाणी निदान 3 सेंटिमीटर खोल हवे. भांड्यावर झाकण आणि डोके जाईल एवढीच फट ठेवा. उघडे पातेले ठेवले तर पक्षी वळताना शेपटी त्यात भिजणार, हे ठरलेले.

आता तेलग्रंथी. बहुतेक पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचे तेल चोचीने पिसांना लावतात. लक्क्याकडे ती सोय नसल्यातच जमा. पिसांच्या पुडीवर त्याला भागवावे लागते, म्हणून भिजला की तो लवकर वाळत नाही. अंघोळ आठवड्यातून दोनदा, ऊन असलेल्या सकाळी, 8 ते 10 सेंटिमीटर पाण्यात द्या. तासाभराने पाणी काढून टाका. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी अंघोळ नको. ओल्या थाळीने रात्र काढली की पिसे वाकडी वाळतात आणि तशीच राहतात.

जोड

लक्क्याच्या पाळणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. पोकळ, म्हणजे न फळलेली अंडी निघाली की दोष मादीला दिला जातो, पण बहुतेक वेळा अडसर पिसांचाच असतो. नर पाठीवर चढतो, मान मागे असल्याने तोल सांभाळताना डगमगतो, आणि दोघांच्या थाळ्या व गुदाभोवतीची लव मध्ये आल्याने स्पर्शच होत नाही.

जोड लावण्याआधी नर आणि मादी दोघांच्याही गुदाभोवतीची मऊ पिसे बोथट टोकाच्या कात्रीने कापा. साधारण 3 सेंटिमीटरचा गोल मोकळा दिसला पाहिजे. पिसे उपटू नका. तिथली कातडी नाजूक असते आणि रक्त आले की इतर पक्षी टोचतात. भारतीय लक्का असेल तर पायमोजेही 2 सेंटिमीटर ठेवून छाटा. लांब मोज्यांत अडकून अंडी आणि कोवळी पिले घरट्याबाहेर ओढली जातात.

एवढ्याने भागले नाही, म्हणजे लागोपाठ दोन्ही अंडी पोकळ निघाली, तर शेपटीला हात घाला. आधी नराच्या थाळीची पिसे मुळापासून 3 ते 4 सेंटिमीटर ठेवून कापा. मग गरज वाटली तरच मादीची. कापलेले खुंट पुढच्या पिसगळीपर्यंत तसेच राहतात, म्हणजे तो हंगाम शेपटीला मुकायचे. काही जण पिसे उपटतात, कारण उपटलेले पीस सहा-आठ आठवड्यांत परत येते. पण एका वेळी तीस पिसे उपटणे पक्ष्यावर फार ताण देते. ते टाळावे. दांड्यात रक्त असलेले नवे पीस तर कापूही नका. दांडा निळसर-जांभळा दिसला की थांबा. ते पक्के झाल्यावर पाहू.

दोन अतिऐटबाज पक्षी एकत्र लावणे ही दुसरी चूक. दोघांच्याही माना पार मागे गेलेल्या असतील तर कात्री कितीही चालवा, तोल येत नाही. एक पक्षी उत्तम ऐटीचा आणि दुसरा जरा आडव्या अंगाचा, पण रुंद पिसांचा असावा. खणात खरखरीत, सपाट जागाही हवी. गुळगुळीत फरशीवर नर घसरतो.

जोडी लावताना मध्ये जाळी ठेवून तीन-चार दिवस शेजारी ठेवा. मादी मान डोलावून नराच्या घुमण्याला दाद देऊ लागली की जाळी काढा. सात ते दहा दिवसांत अंडे यायला हवे. घरट्यात चार अंडी दिसली तर आनंद मानू नका: तुम्ही दोन माद्यांची जोडी लावली आहे.

अंडी आणि पिले

घरट्याचे भांडे 22 सेंटिमीटर व्यासाचे, 7 सेंटिमीटर खोल, मातीचे किंवा लाकडी. ते खणाच्या मध्यावर ठेवा. कोपऱ्यात ठेवले तर शेपटी भिंतीला अडते, पक्षी भांड्याच्या एका कडेला तिरका बसतो आणि एक अंडे थंड पडते. आत भुसा आणि वर कोरड्या काड्या.

पहिले अंडे बहुधा संध्याकाळी येते, दुसरे सुमारे 44 तासांनी. पक्षी पहिल्यावर नीट बसत नाही, म्हणून दिवस दुसऱ्या अंड्यापासून मोजा. 17 ते 18 दिवसांत पिले बाहेर येतात. सकाळी उशिरापासून दुपारभर नर बसतो, उरलेला वेळ मादी. पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. नुसता पिवळा उजेड दिसला तर पोकळ.

पहिले चार-पाच दिवस आई-बाप दोघेही अन्नपिशवीत तयार होणारे दाट 'दूध' भरवतात. हे दूध अंडी उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत तयार होते. म्हणून लक्क्याची अंडी दुसऱ्या जोडीखाली द्यायची असतील, तर दोन्ही जोड्यांच्या अंड्यांत दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. त्याहून फरक पडला की दूध आटलेले असते किंवा आलेलेच नसते, आणि पिले पहिल्याच दिवशी उपाशी मरतात. इंग्लिश घाटाची उत्तम जोडी असेल तर अशी दाई-जोडी तयार ठेवणे शहाणपणाचे.

पिलाच्या पायात ओळखीची कडी सातव्या-आठव्या दिवशी घाला. पुढची तीन बोटे एकत्र करून कडी वर सरकवा आणि मागचे बोट मोकळे काढा. दहाव्या दिवसानंतर ती चढत नाही. मोज्यांच्या पक्ष्याला मोठ्या मापाची कडी लागते. पिले 28 ते 35 दिवसांनी, स्वतः दाणा टिपताना आणि पाणी पिताना दिसली की वेगळी करा.

वंश पुढे नेताना लिहून ठेवण्याची सवय लावा. चोटी एकाच सुप्त जनुकाने येते: बिनचोटीच्या जोडीतून चोटीचे पिल्लू निघू शकते, पण चोटीच्या दोघांतून बिनचोटीचे निघत नाही. सुप्त पांढऱ्या रंगामागे कोणताही रंग दडलेला असू शकतो. शेपटीच्या पिसांचा आकडा मात्र अनेक जनुकांवर ठरतो. साध्या कबुतराशी संकर झाला की पिसे मधल्या आकड्यावर घसरतात आणि पूर्ण थाळी परत आणायला अनेक पिढ्या जातात.

थरथर आणि आजार

लक्क्याची मान थरथरते. ती जातीची खूण आहे, आजार नाही. पक्षी उत्तेजित असताना, नर घुमताना किंवा माणूस जवळ आला की थरथर वाढते, शांत बसला की थांबते. आजाराची थरथर वेगळी असते. मान पिळते, डोके उलटे होते, दाण्यावर मारलेली चोच बाजूला पडते, विष्ठा पाण्यासारखी पातळ होते. ही पॅरामिक्सो विषाणूची लक्षणे. असा पक्षी त्याच क्षणी वेगळा करा आणि पशुवैद्य गाठा. लागण झाल्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. नव्याने आणलेला प्रत्येक पक्षी 30 दिवस वेगळा ठेवा, तो कितीही ठणठणीत दिसो.

घशात पिवळसर, चीजसारखा थर दिसला तर तो कँकर. पाण्याच्या भांड्यातून आणि आईबापांच्या दुधातून तो पिलांत जातो. पाणी रोज बदलणे आणि भांडे घासून वाळवणे हा त्यावरचा पहिला उपाय. औषध पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेतच द्या.

हातात घेणे, धुणे, नेणे

साधे कबूतर धरताना पाय बोटांत घेऊन अंगठ्याने पंखांची टोके आणि शेपटी एकत्र दाबतात. लक्क्याला असे धरले की थाळी चुरगळते. पाय तर्जनी आणि मधल्या बोटात घ्या, अंगठा फक्त पंखांवर ठेवा, शेपटी मोकळी सोडा आणि दुसरा हात छातीखाली द्या.

प्रदर्शनासाठी पांढरा पक्षी तीन-चार दिवस आधी धुवा. पिसांची पूड परत यायला तेवढा वेळ लागतो. तीन टबांत कोमट पाणी घ्या. पहिल्यात सौम्य शाम्पू, पुढचे दोन नुसते धुवायला. हात मानेकडून शेपटीकडेच फिरवा. साबण राहिला तर वाळल्यावर पिसे चिकट पट्ट्यांत जमतात. एखादे पीस वाकले असेल, पण दांडा तुटला नसेल, तर त्याचा वाकलेला भाग हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात काही सेकंद बुडवा आणि बोटांनी सरळ करा. पीस पूर्वीच्या आकारावर येते. दांडा मोडलेला असेल तर ते पिसगळीतच बदलेल.

प्रवासाला प्रत्येक पक्ष्याला वेगळा, लांबी, रुंदी आणि उंची किमान 45 सेंटिमीटर असलेला डबा द्या, बाजूंना गुळगुळीत पुठ्ठा लावून. तारेच्या पिंजऱ्यात थाळीची टोके जाळीत अडकतात आणि पोहोचेपर्यंत दोन-चार पिसे तरी मोडलेली असतात.